सुलतानबीच्या चाली

सुलतानबी नदाफ बोलता बोलता मध्येच थांबली, त्यावरूनच दिलदारला कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय.

मंगळवार पेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागं घर. त्या दिवशी सकाळी साडेनऊला सुलतानबी नवऱ्याला बोलत होती. विषय नवा नव्हता. दिलदारनं ओला टॉवेल पुन्हा पिंजलेल्या कापसावर टाकला होता. “तुम्हास्नी किती डाव सांगितलंय, ओला टॉवेल...” इथवर ती आली आणि गप्प झाली. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं वाक्य कधी अर्धं सोडलं नव्हतं. दिलदारनं वळून बघितलं, तर तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि हातातला झाडू गळून पडला होता. त्यानं पायात चप्पलही न घालता रस्त्यावर जाऊन रिक्षा आडवी घातली.

तासाच्या आत आणलंत म्हणून वाचल्या, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. एवढ्या लवकर कसं ओळखलंत, असंही त्यांनी विचारलं. दिलदारनं खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं नाही.

सतराव्या दिवशी सुलतानबी घरी आली. आधार धरून चालत होती, उजवा हात थोडा अडखळत होता, समोरच्याचं बोलणं सगळं समजत होतं. फक्त तिच्या तोंडातून एकच शब्द बाहेर पडत होता, आणि तो शब्द होता ‘जिरं’.

जिरंच का, हे कुणालाच कळलं नाही. असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो, एवढंच डॉक्टर म्हणाले. तहान लागली की जिरं, मुलाला हाक मारायची तरी जिरं, पंखा बंद करायचा तरी जिरं. पहिल्या दिवशी सून आफशीननं खरोखरच जिऱ्याचा डबा आणून समोर धरला. दुसऱ्या दिवशीही धरला. तेव्हा सुलतानबीनं डाव्या हातानं तो डबा भिंतीवर मारला, आणि तिला जिरं नको आहे एवढं तरी घरात सगळ्यांना समजलं.

घराची घडी पार विस्कटली. मुलगा मोहसीन गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत होता, तो दोन-दोन पाळ्या करायला लागला. आफशीननं मोबाईलच्या दुकानातली नोकरी सोडली. पिंजण्याच्या मशीनचा आवाज सुलतानबीला सोसेना, म्हणून दिलदारनं दुकानाचं शटर खाली ओढलं. ऐन लग्नसराईतली गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. शेजारच्या बायडाबाई रोज भाकरी आणून द्यायच्या आणि तासभर बसायच्या. सुलतानबी जिरं-जिरं करायची, त्या ‘व्हय की’ म्हणायच्या, आणि आम्ही अगदी पहिल्यासारख्याच बोलतो असं बाहेर जाऊन सांगायच्या. बहुतेक ते खरंच होतं, कारण पहिल्यापासून बायडाबाईंना ‘व्हय की’पलीकडं काही बोलायला मिळालंच नव्हतं.

आफशीनची गोष्ट वेगळी होती. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत पहिल्यांदाच तिनं केलेल्या आमटीला कुणी नावं ठेवत नव्हतं. पहिला आठवडा तिला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटतंय याचंच तिला इतकं वाईट वाटायला लागलं, की एका दुपारी आमटीत मुद्दाम दुप्पट मीठ घालून तिनं सासूसमोर ठेवली. सुलतानबीनं एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं, डोळे मोठे केले, तोंड उघडलं, आणि जिरं म्हणून रडायला लागली. मग दोघी रडल्या.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा अनुजा नावाची मुलगी घरी यायला लागली. सगळे तिला मॅडम म्हणत. तिनं चित्रं दाखवून बघितली, आकडे म्हणवून बघितले. सगळ्याचं उत्तर जिरं. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, घरात गाणं-बजावणं कुणाला येतं का? बोलणं डोक्याच्या एका बाजूला असतं आणि सूर बराचसा दुसऱ्या बाजूला, त्यामुळं काही माणसांना बोलता येत नाही तेच गाता येतं, असं तिनं समजावून सांगितलं.

मग मोहसीन खाली बघत म्हणाला, “अब्बा क्लॅरिनेट वाजवायचे.”

कापूस पिंजणं दिलदारला बापाकडून मिळालं होतं, क्लॅरिनेट त्यानं स्वतःच्या हौसेनं मिळवलं होतं. हंबीररावांच्या बँडमध्ये तो बावीस वर्षं होता. नुसता वाजवत नव्हता, तर चाली बांधायचा. वरात देवळापाशी आली की एक, मांडवापाशी आली की दुसरी, नवऱ्या मुलाचे मामा नाचायला उतरले की तिसरी. सगळ्या चाली सारेगममध्ये एका लांब वहीत लिहिलेल्या. मग डीजे आले आणि बँड मोडला. मोहसीनच्या लग्नासाठी दिलदारनं एक खास चाल बांधली होती. पण मित्रांनी परस्पर डीजे ठरवला होता. दिलदारनं त्या भिंतीएवढ्या पेट्यांसमोर उभं राहून ती चाल शेवटपर्यंत वाजवली. दुसऱ्यांचं सोडा, त्याला स्वतःलाही त्यातला एक सूर ऐकू आला नाही. त्या दिवसापासून क्लॅरिनेट माळ्यावर होतं आणि बापलेक दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

मोहसीननं स्वतःच शिडी लावून पेटी खाली काढली. क्लॅरिनेटच्या भोकांवर बसणाऱ्या गाद्या किड्यांनी खाल्ल्या होत्या. गाद्या करणं तर दिलदारचा धंदाच. दुकानातल्या नमद्यातून, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडातून, त्यानं करंगळीच्या नखाएवढ्या चकत्या कापल्या आणि एका दुपारात सगळ्या बसवल्या. एवढी छोटी ऑर्डर आयुष्यात पहिल्यांदाच घेतली, असं तो आफशीनला म्हणाला. फुंकायच्या तोंडाशी लागणारी पत्ती मात्र चिरली होती. ती हंबीररावांकडून आणली. पहिली फुंक मारली तेव्हा असा आवाज आला, की कुणाच्या म्हशीला काही झालं का, म्हणून बायडाबाई विचारायला आल्या.

चार दिवसांत सूर ताळ्यावर आला. दिलदारनं वरातीतली जुनी गाणी वाजवून बघितली. सुलतानबी लगेच मान डोलवायला लागली आणि सुरात, अगदी तालावर, दोन कडवी गायली. शब्द सगळे जिरं होते.

अनुजा मॅडमना तरीही आनंद झाला. त्या म्हणाल्या, रोज लागतात ती छोटी वाक्यं घ्या, त्यांना सोप्या चाली लावा, आणि डाव्या हातानं ठेका धरून म्हणून घ्या. पाणी द्या, इथपासून सुरुवात करा.

दिलदारला फार दिवसांनी कुणीतरी चाल मागितली होती. त्यानं मोहसीनच्या लग्नापासून बंद असलेली वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन दिवस दुकानात बसून ‘पाणी द्या’ची चाल बांधली. तिसऱ्या दिवशी मॅडमसमोर वाजवून दाखवली. आधी संथ सुरावट, मग मुखडा, मग एक वळण घेऊन वरच्या सुरावर जाणं, आणि तिथून सावकाश उतरत ‘पाणी’. मॅडम मोठ्या आदरानं शेवटपर्यंत ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, “काका, पेशंटला तहान लागलेली असणार.”

दोनच सूर घ्या, एक खालचा नि एक वरचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. दिलदार त्या दिवशी जेवताना आफशीनला म्हणाला, “दोन सुरांत काय चाल हुती व्हय? दोन सुरांत रिक्षाचा हॉर्न हुतोय.” पण रागारागानं का होईना, त्यानं दोन सुरांचं पाणी केलं, दोन सुरांचा चहा केला, तीन सुरांत पंखा केला. सुलतानबीनं आठवडाभर मन लावून सगळं गाऊन बघितलं. जिरं द्या एवढीच प्रगती झाली. ‘द्या’ आला म्हणून मॅडमनी टाळ्या वाजवल्या. दिलदारनं क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी तो औषधं आणायला गेला आणि वाटेत हंबीररावांकडं थांबला. आपल्याच्यानं हे होत नाही, हे त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. हंबीरराव आता नातवाच्या चहाच्या गाड्यावर बसायचे. त्यांनी त्याला तीन चहा पाजले आणि धीर देण्याऐवजी जुन्या वराती सांगत बसले. दिलदार घरी पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. औषधाची वेळ टळली होती. सुलतानबी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्याला बघितलं आणि तिनं तोंड सोडलं.

“जिरं जिरंजिरंजिरं?”

दिलदार पायरीवरच थांबला. शब्द जिऱ्याचे होते, पण चाल त्याला पाठ होती. पहिल्या दोन सुरांवर ठेचकाळायचं, मग एकदम वर चढायचं आणि शेवटी शेपूट उडवल्यागत प्रश्न सोडायचा. बावीस वर्षं वराती वाजवून तो उशिरा घरी आला, तेव्हा दर वेळी याच दारात त्यानं ही चाल ऐकली होती. ‘कुठं उलथलतासा?’ इतके दिवस घरातली सगळी माणसं तिचे शब्द शोधत होती. तिचा सूर गेलाच नव्हता. ती रोज पहिल्यासारखीच बोलत होती, आणि तो, चाली बांधणारा माणूस, ते ऐकत नव्हता.

चप्पल पायात तशीच ठेवून तो आत गेला, क्लॅरिनेट जोडलं, आणि तिच्यासमोर बसून ती ओळ वाजवली. तिनं चमकून बघितलं. त्यानं पुन्हा वाजवली, मग तिचा डावा हात धरून मांडीवर ठेका दिला आणि शब्द घालून म्हटली. तिसऱ्यांदा त्यानं नुसतं वाजवलं आणि ती गायली.

“कुठं उलथलतासा?”

स्वच्छ, शब्दाला शब्द. आफशीन स्वयंपाकघरातून पळत आली. सुलतानबी स्वतःच दचकली होती. तिनं पुन्हा म्हणून बघितलं, मग पुन्हा, दर वेळी आवाज चढवत. साडेतीन महिन्यांनी बायकोचं पहिलं वाक्य आलं होतं आणि ते शिवी घातल्यासारखं होतं. दिलदार गुडघ्यात डोकं घालून रडला. तेवढ्यात बायडाबाई दारात आल्या. त्यांच्याकडं बघूनही सुलतानबीनं तेच म्हटलं, आणि बायडाबाईंनी, पीठ दळून आणायला गेलते, असं खरं उत्तर दिलं.

मग दिलदारनं वही नव्यानं सुरू केली. आता तो चाली बांधत नव्हता, आठवत होता. ‘दार लावा की’ ती कशी म्हणायची, ‘आमटीत मीठ हाय का समुद्र’ कसं म्हणायची, मोहसीनला जेवायला हाक मारताना शेवटचं अक्षर किती लांबवायची. जिथं त्याला आठवेना तिथं आफशीनला विचारायचा. तिला सगळ्या चाली पाठ होत्या. सूर कळत नव्हते, पण कुठल्या शब्दावर टोचतं ते तिला अचूक माहीत होतं. महिन्याभरात त्रेचाळीस चाली झाल्या. दिलदार सकाळी दुकान उघडून काम करायचा आणि दुपारी वाजवायचा. मशीनचा आवाज सुलतानबीला आता चालत होता, कारण त्याच्यावर ओरडण्यासाठीही एक चाल होती.

गल्लीला मात्र त्याचा त्रास झाला. चाली सोप्या होत्या, तोंडात बसायच्या. दूधवाला बायडाबाईंच्या दारात ‘दार लावा की’ गुणगुणत यायचा. बायडाबाईंच्या मालकांनी एकदा ‘पाणी द्या’ सुरात मागितलं आणि आपण काय केलं ते कळून गप्प झाले. घरात तर भांडणंही गाऊन व्हायची. आमटीवरून सासू एक ओळ म्हणायची, आफशीन त्याच चालीत उत्तर द्यायची, आणि क्लॅरिनेट घेऊन मध्ये बसलेल्या दिलदारला दोघींना समान वाजवून द्यावं लागायचं. एकीला जरा जास्त वरचा सूर दिला, की पक्षपात केला म्हणून दुसरी रुसायची.

पावसाळा सरला तेव्हा सुलतानबीनं मंडईत जायचा हट्ट धरला. अडचण एकच होती. पहिला सूर मिळाल्याशिवाय तिचं वाक्य सुटत नव्हतं. त्यामुळं दिलदारनं भाजीच्या कापडी पिशवीत क्लॅरिनेट घेतलं. वांगीवाल्यासमोर त्यानं सूर दिला, तिनं भाव विचारला. त्यानं दुसरा सूर दिला, तिनं वांगी किडकी आहेत म्हणून सांगितलं. भाजीवाला ओळखीचा होता. तो गाऊन उत्तर द्यायला लागला. भोवती माणसं जमली, कुणी मोबाईल वर धरला. गर्दीतला एक परगावचा पाहुणा पुढं आला, बरं गाता म्हणाला, आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीत दहाची नोट टाकून वळला.

दिलदारनं बायकोचा चेहरा बघितला. आता सूर द्यावा तर कुठला, त्याला सुचेना. त्रेचाळीस चालींत या प्रसंगाची चाल नव्हती. तो क्लॅरिनेट ओठांना लावणार, तोच सुलतानबीनं त्याच्याशिवाय सुरुवात केली.

“अवो पावणं, इकडं बघा. भीक मागाय बसलोय व्हय आम्ही? ह्या माणसानं बावीस वर्षं बँडात वाजवलंय. तुमची नोट उचला, आन् वाटेला लागा.”

सगळं गाऊन. दोन-तीन ठिकाणी अडखळली, एका ठिकाणी मध्येच जिरं आलं, ते तिनं तसंच पुढं ढकललं. चाल कुठल्याच वरातीतली नव्हती, दारातली नव्हती, वहीतली नव्हती. दिलदार चाचपडत तिच्यामागून वाजवत गेला, तीन सूर मागं. पाहुण्यानं नोट उचलली, माफी मागितली आणि तीही नकळत सुरातच मागितली. घरी आल्यावर दिलदारनं ती चाल वहीत उतरवली आणि वर लिहिलं, चाल : सुलतानबी. तिनं वही ओढून घेतली, त्याला वाजवून दाखवायला लावलं, आणि ‘उचला’वरचा सूर चुकलाय म्हणून बोटानं दाखवला. तो खरंच चुकला होता.

दिवाळीपर्यंत ती छोटी वाक्यं सूर न घेताही बोलायला लागली. मोठी अजून गाऊनच म्हणावी लागत. आफशीन मोबाईलच्या दुकानात परत रुजू झाली. मोहसीन सुट्टीच्या दिवशी बापासमोर बसून ऐकायला लागला. एके दिवशी त्यानं लग्नातली ती चाल वाजवायला सांगितली. संपल्यावर म्हणाला, “पुन्हा वाजवा.”

अनुजा मॅडमनी मात्र नवीनच काम काढलं. त्यांचे एक पेशंट आजऱ्याजवळच्या गावात होते, गुंडू नावाचे शेतकरी. त्यांचंही बोलणं असंच गेलं होतं आणि शिकवलेल्या चाली त्यांना लागू पडत नव्हत्या. दिलदार म्हणाला, लागू पडणार नाहीतच, त्या माझ्या बायकोच्या आहेत. माणूस आधी कसा बोलायचा ते ऐकायला पाहिजे. मग एका रविवारी सकाळच्या एसटीनं तो आजऱ्याला निघाला. सुलतानबी सोबत होती. आपल्याशिवाय याला काही जमणार नाही, हे तिनं कंडक्टरला गाऊन सांगितलं.

गुंडूंची बायको बनाबाई पुढच्या सोप्यात सूप घेऊन काजू निवडत बसली होती. दिलदारनं वही उघडून विचारलं, मालक आधी कसे बोलायचे?

बनाबाईनं विचार केला. “न्हाय बोलायचे,” ती म्हणाली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यांत चार वाक्यंही धड बोलले नसतील. आता बोलत नाहीत म्हणून मुलं दवाखाने करतायत, तिला स्वतःला फारसा फरक कळलेला नाही.

बाकावर बसलेल्या गुंडूंनी मान खाली घातली. दिलदारनं पेन्सिल कानामागं खोचली. असा पेशंट त्याला अपेक्षित नव्हता. शेवटी सुलतानबीनं हात हलवून ठेका धरला आणि गात विचारलं, कुणाशीच बोलत नव्हते व्हय?

“म्हशीशी बोलायचे की,” बनाबाई म्हणाली. “तासतासभर.”

मग गुंडू सोडून बाकीचे गोठ्यात गेले. धार काढायला बसताना गुंडू म्हशीला काय म्हणायचे, ते बनाबाईनं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकून तिला ते अगदी हुबेहूब येत होतं. दिलदारनं दोनदा ऐकलं, चार सूर वहीत टिपले आणि सोप्यात येऊन गुंडूंसमोर वाजवले. गुंडूंनी मान वर केली. दिलदारनं पुन्हा वाजवलं. सुलतानबीनं गुंडूंच्या बाकावर हाताचा ठेका धरला. पाचव्या खेपेला गुंडूंचे ओठ हलले, सातव्या खेपेला आवाज फुटला, खरखरीत पण सुरात.

“सरक की गं बाय, सरक.”

बनाबाई काजूचं सूप हातात धरून त्यांच्या शेजारी बाकावर बसली होती. ती सरकली.